महिनाभर टाकलेलं अन्न तोलून लिहून ठेवलं. तुमच्याकडे नेमकं काय वाया जातं?

शुभदा_प

केकसाठी घेतलेला छोटा वजनकाटा ओल्या कचऱ्याच्या डब्याशेजारी ठेवला आणि सलग २८ दिवस टाकायची प्रत्येक गोष्ट आधी तोलली. सालं, देठं, चहाचा चोथा, आंब्याच्या कोयी धरल्या नाहीत. जे खाता आलं असतं तेवढंच धरलं. घरात माणसं तीन: मी, नवरा आणि सासूबाई.

एकूण भरलं ६ किलो १४० ग्रॅम. मी दोन वेळा बेरीज केली.

पानात टाकलेलं त्यात २०० ग्रॅम. शिजवलं, उरलं, फ्रिजमध्ये गेलं आणि तिथेच आंबलं असं सव्वादोन किलो, त्यात भात निम्म्याहून जास्त. बाकीचं, म्हणजे जवळजवळ ३ किलो ७०० ग्रॅम, कधी चुलीवर चढलंच नाही. पालक, लिबलिबीत झालेली काकडी, अर्धा ब्रेड, चार आठवड्यांत मिळून ७०० ग्रॅम कोथिंबीर.

वहीत शेवटचा रकाना 'का' असा होता. तो वाचताना जास्त वाईट वाटलं. 'घरपोच फुकट होण्यासाठी बिल वाढवलं.' 'एक जुडी १५ ला, दोन २५ ला.' 'बुधवारी थकले, बाहेरून मागवलं.' आणि दोन वेळा मशरूमचं पाकीट, २०० ग्रॅमचं, न फोडलेलं. त्यापुढे मी काहीच लिहिलं नव्हतं, कारण सुचलं नव्हतं. नंतर लक्षात आलं, आमच्यात मशरूम फक्त मुलगा खातो. तो हैदराबादला जाऊन १४ महिने झाले. माझा हात अजून चौघांची भाजी घेतो.

लहानपणापासून 'पानात टाकू नको' हे शिकलो आणि शिकवलं. ते योग्यच आहे. पण नासाडी पानात होतच नाहीये, ती पिशवी भरताना होते आहे असं माझं मत झालंय. तुमचा अनुभव सांगा. काय वाया जातं, आणि ते विकत घेताना मनात काय असतं?

रानवारा

आमच्याकडे पहिला नंबर ब्रेडचा. शेवटचे चार स्लाइस कायम. मशरूमचं वाचून गलबललं.

हिशेबनीस

फार चांगलं काम केलंत. तुलनेसाठी थोडे आकडे देतो. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ साली जगभरात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेलं आणि त्यातलं ६० टक्के घराघरांतून. हॉटेलं आणि दुकानं त्यानंतर. माणशी वर्षाला घरातून ७९ किलो ही जगाची सरासरी, भारताचा अंदाज ५५ किलो.

५५ किलोच्या हिशेबाने तिघांचे २८ दिवसांचे साडेबारा किलो होतात. तुमचे सहा. पण लगेच हायसं वाटून घेऊ नका. अहवालातल्या आकड्यात सालं, हाडं, कोयी सगळं धरलेलं असतं, तुम्ही ते वगळलंय. शिवाय भारताचा आकडा मोजक्या शहरांतल्या पाहण्यांवर उभा आहे. २०२१ च्या अहवालात देहरादून आणि आंध्रातलं राजाम इथल्या पाहण्या होत्या. पुण्या-मुंबईच्या घरात काय चालतं ते तुमच्या वहीसारख्या वह्यांतूनच कळेल.

मुक्ताफळ

पानात वाया जात नाही याच्याशी असहमत. लहान मुलं असलेल्या घरात काटा ठेवून बघा. माझा मुलगा चार वर्षांचा आहे. त्याच्या ताटलीत रोज दोन घास उरतात आणि ते मी खाते. म्हणजे वाया जात नाही, पण माझं वजन वाढतं ते कुठल्या रकान्यात लिहायचं? :)

शुभदा_प

मुक्ताफळ, अगदी खरं. माझा मुलगा लहान होता तेव्हा मीही तेच केलं. तू तुझ्या मुलाला पहिल्यांदा दोनच चमचे वाढ, मागितलं की परत वाढ. मुलांना परत मागायला आवडतं.

अण्णा_सातारकर

शुभदाताई, वही आवडली. पण एक बाजू मांडतो. आमच्या घरी पाहुणा जेवायला बसला की पातेल्यात दिसेल एवढं उरलं पाहिजे अशी रीत. पातेल्याचा तळ दिसला की पाहुणा हात आखडता घेतो, 'पोट भरलं' म्हणतो आणि अर्धपोटी उठतो. आमच्या आईला हे फार लागायचं.

पण उरवणं वेगळं आणि वाया घालवणं वेगळं. आई रात्री स्वयंपाक आवरतानाच ठरवायची की सकाळी काय. भात उरला तर फोडणीचा भात नाहीतर थालीपिठात. पोळ्यांचा कुस्करा. वरण उरलं तर त्यात कणीक भिजवून पुऱ्या, नाहीतर वरणफळं. दोडक्याच्या शिरा चटणीत, मुळ्याचा पाला भाजीत, कोथिंबिरीच्या काड्या वाटणात. फ्रिज नव्हता, त्यामुळे 'नंतर बघू' म्हणायची सोयच नव्हती. मला तरी वाटतं, अन्न टाकायला आपण फ्रिज आल्यावर शिकलो. फ्रिजमध्ये ठेवलं की वाटतं वाचवलं.

रानवारा

'फ्रिजमध्ये ठेवलं की वाटतं वाचवलं.' अण्णा, हे दारावर लिहून लावते. रात्री डब्यात भरलेली पाव वाटी आमटी चार दिवसांनी टाकताना मन दुखत नाही, त्याच रात्री टाकताना दुखतं. म्हणून डबा भरायचा.

तिरफळ

गोव्यात या, कालची कढी खायला. आदल्या दिवशीची माशांची कढी मंद आचेवर आटवून घट्ट करायची आणि सकाळी पावाबरोबर किंवा भाकरीबरोबर. आमच्याकडे लोक रात्री मुद्दाम कमी जेवतात, सकाळसाठी कढी उरावी म्हणून! खोबरं, आमसूल, मिरची रात्रभर मुरते आणि चव ताज्याहून वर जाते. माझ्या घरी उरलेल्या कढीवरून भांडणं झालीत, ती टाकली कधीच नाही.

मला वाटतं उरलेल्या पदार्थाला स्वतःचं नाव मिळालं की तो टाकला जात नाही. 'शिळी आमटी' कोण खाणार? 'कालची कढी' म्हटलं की सगळे ताट घेऊन बसतात.

एकटा_जीव

विदर्भातल्या मित्राच्या घरी फोडणीच्या पोळीला 'माणिकपैंजण' म्हणतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं काहीतरी राजेशाही पक्वान्न येणार. आलं ते शिळ्या पोळीचं, पण खाल्लं राजेशाही थाटातच.

डॉ_गवतीचहा

सगळं वाचतेय, तोंडाला पाणी सुटलंय, तरी डॉक्टर म्हणून थोडं बोलते.

भात. शिजवल्यावरही बॅसिलस सिरिअस नावाच्या जिवाणूचे बीजाणू त्यात टिकून राहतात. भात तासन्‌तास ओट्यावर कोमट राहिला की ते वाढतात आणि विष तयार करतात. ते विष फोडणीच्या उष्णतेने जात नाही. म्हणजे रात्रभर बाहेर ठेवलेला भात सकाळी खरपूस परतला तरी उलट्या होऊ शकतात. तेव्हा फोडणीचा भात जरूर करा, पण रात्री जेवण झाल्यावर तासा-दोन तासांत भात पसरट भांड्यात काढून, निववून फ्रिजमध्ये टाका. फ्रिज ५ अंशांच्या खाली हवा. खच्चून भरलेल्या फ्रिजमध्ये हवा खेळत नाही, मग मागचं गोठतं आणि पुढचं नासतं.

शेंगदाण्याला, भाकरीला, ब्रेडला बुरशी दिसली तर तेवढाच भाग काढून बाकीचा खाऊ नका. 'वाया जाऊ नये' म्हणून बुरशी आलेलं खाणाऱ्या आज्या माझ्याकडे येतात. त्यांचा हेतू इतका चांगला असतो की रागावताही येत नाही.

अण्णा, आईंच्या वेळी रात्रीचा भात निदान सकाळी तरी संपायचा. आता रविवारचा गुरुवारी निघतो. फरक तिथे आहे.

अण्णा_सातारकर

डॉक्टर, पटलं. भाताचं आमच्या घरी आजपासून बदलतो.

वऱ्हाडी_ठेचा

आमच्याकडे वाया काही जातच नाही. जे उरतं ते कामाच्या मावशींना देतो. अन्नाचा अपमान होत नाही आणि कुणाच्या तरी पोटात जातं.

निळाई

वऱ्हाडी_ठेचा, तुमच्या मनात वाईट काही नाही हे मला माहीत आहे. तरी सांगते.

माझी आई चार घरची धुणीभांडी करायची. त्यातल्या दोन घरांतून पिशवीत बांधून भाजी मिळायची. ताजी कधीच नाही. घरातल्यांनी दोन दिवस खाऊन तिसऱ्या दिवशी फ्रिज आवरताना काढलेली. आईला नाही म्हणता यायचं नाही, बाईंना राग आला असता. परतताना मी बरोबर असले की कोपऱ्यावरच्या कचराकुंडीपाशी ती थांबायची. पिशवीची गाठ सोडायची, वास घ्यायची. बहुतेक वेळा आमटी, भाजी, भात सगळं एकत्र झालेलं असायचं. ती पिशवी कुंडीत टाकायची, घरी येऊन हात धुवायची आणि मग आमच्यासाठी कालवण टाकायची. बाईंच्या हिशेबात ते अन्न 'दिलेलं' होतं.

तिसऱ्या घरच्या आजी मात्र स्वयंपाक झाला की पातेल्यातून पहिल्यांदा आईचा डबा भरायच्या. 'नेशील का गं?' असं विचारून. त्या डब्यातली वांग्याची भाजी मला अजून आठवते.

तुम्ही देता तेव्हा कुठलं देता, आणि विचारता का?

वऱ्हाडी_ठेचा

निळाई, दोनदा वाचलं. विचारत नाही. दुसऱ्या दिवशीचंच असतं बहुतेक. आजपासून ताजं काढून विचारीन. तुम्ही लिहिलंत म्हणून उपकार मानतो.

पाटी_पेन्सिल

निळाई _/\_

यात अजून एक माणूस धरा, कचरा नेणारा. पुण्यात 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या ताई आमच्या सोसायटीत येतात. उरलेली आमटी प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून ओल्या कचऱ्यात टाकली की ती गाठ त्यांना हाताने सोडावी लागते. मी एकदा खाली उभी राहून बघितलं आणि त्या दिवसापासून पिशवी बंद केली. टाकायचंच असेल तर पाणी निथळून, उघडं, डब्यात.

हिशेबनीस

आमच्या सोसायटीत कंपोस्टचे ड्रम आल्यावर उलटच झालं. लोक आता निर्धास्तपणे टाकतात. 'खतच होतंय ना' म्हणतात. खत व्हायला हवं हे खरंच, कारण डेपोत कुजलं की मिथेन हा वातावरण तापवणारा वायू होतो आणि उरुळी देवाची, फुरसुंगीच्या लोकांनी आपल्या शहराचा कचरा किती वर्षं सोसला ते पुणेकरांना माहीत आहे. पण ८० रुपये किलोची भाजी आणून तिचं खत करणं याला बचत म्हणता येत नाही. आधी कमी आणा, मग उरलेल्याचं खत.

हान_नदीकाठ

सोलमध्ये सहा वर्षं राहतेय. इथे उरलेलं अन्न जमिनीत पुरायला २००५ पासून बंदी आहे आणि २०१३ पासून जेवढं टाकाल तेवढे पैसे. आमच्या इमारतीखाली यंत्र आहे. घराचं कार्ड लावलं की झाकण उघडतं, आत टाकलं की वजन पडद्यावर दिसतं, महिन्याच्या बिलात जातं. रक्कम अगदी किरकोळ. पण शेजारच्या आजींसमोर आपला आकडा लुकलुकतो ना, त्याने माझी सवय बदलली. आता मीही त्यांच्यासारखं भाजीचं पाणी पिळून मगच खाली नेते. शुभदाचा काटा हेच काम करतोय.

एकटा_जीव

घरपोच फुकट होण्यासाठी बिल वाढवल्याचं शुभदाताईंनी लिहिलंय, म्हणून काही मिनिटांत सामान आणणाऱ्या ॲपची बाजू मांडतो. हिंजवडीत एकटा राहतो. पूर्वी शनिवारी आठवड्याची भाजी आणायचो, बुधवारपर्यंत निम्मी वाया जायची. आता संध्याकाळी घरी पोचल्यावर एक गाजर, दोन टोमॅटो, अर्धा डझन अंडी मागवतो. वाया जवळजवळ शून्य.

रानवारा

एकट्या माणसाचं खरं असेल. माझ्याकडे त्याच ॲपने बिघडवलं. टोमॅटो हवे होते ३० रुपयांचे, घरपोच फुकट होण्यासाठी आणखी ७० चं घे म्हणतं. मग दही घेते. फ्रिजमध्ये आधीच दोन दही असतात. आणायचा खर्च २५ होता, तो वाचवायला ७० घातले. मंडईत परडी हातात जड लागली की आपोआप थांबत होते. फोनमधली पिशवी जड होत नाही.

बर्लिनची_अश्विनी

तारखांवर कुणीच बोललं नाही अजून. आईकडे पुण्यात आले की माझं काम ठरलेलं, तिने 'तारीख गेली' म्हणून बाजूला काढलेली पाकिटं परत कपाटात ठेवणं. 'बेस्ट बिफोर' म्हणजे तोपर्यंत चव, कुरकुरीतपणा उत्तम. नंतर तो पदार्थ लगेच वाईट होत नाही. 'यूज बाय' किंवा 'एक्स्पायरी' ही तारीख मात्र पाळायची. जर्मनीत बऱ्याच पाकिटांवर आता 'बहुतेक वेळा जास्त दिवस चांगलं, बघा, हुंगा, चाखा' अशा अर्थाचं छापतात. पोहे, रवा, डाळ, मसाला या गोष्टी तारखेनंतर दुसऱ्या दिवशी कचऱ्यात जाताना बघून जीव तुटतो.

डॉ_गवतीचहा

अश्विनी +१. फक्त हुंगून बघायचं ते 'बेस्ट बिफोर'वाल्याचं. 'यूज बाय' उलटलेल्याचं हुंगूनही नको, कारण आजारी पाडणाऱ्या सगळ्याच जंतूंचा वास येतो असं नाही.

मळेवाला

मी जुन्नर तालुक्यात कोथिंबीर, मेथी, टोमॅटो करतो. धागा सकाळपासून वाचतोय. शुभदाताईंचा ७०० ग्रॅमचा आकडा माझ्या मनातून जात नाही.

कोथिंबीर पेरल्यापासून काढणीला ४०-४५ दिवस. बाया पहाटेच्या अंधारात उपटतात, मुळांची माती झटकतात, जुड्या बांधतात. बाजारात आमचा भाव शेकड्यावर निघतो. कधी शंभर जुड्यांचे इतके कमी पैसे येतात की बाईची मजुरीही सुटत नाही, मग उभ्या पिकात नांगर घालतो. ते तुम्हाला दिसत नाही. तुमचं आम्हाला दिसत नाही. आज पहिल्यांदा दिसलं.

आता कोथिंबीर का सडते ते सांगतो. जुडी आमच्याकडून निघते तेव्हा पाल्याला फार ओल नसते. ती ताजी दिसावी म्हणून वाटेत आणि गाडीवर वरचेवर पाणी मारतात, कारण गिऱ्हाईक सुकलेल्या जुडीकडे बघतही नाही. ओली चकचकीत जुडी तुम्ही प्लॅस्टिकच्या पिशवीत, दोरा न सोडता फ्रिजमध्ये टाकता. दोऱ्याच्या आत दोन दिवसांत काळं पाणी सुटतं. घरी आणलं की पहिलं काम दोरा सोडायचा. पिवळी पानं काढायची, कागदावर तासभर पसरायची, मग कोरड्या सुती फडक्यात गुंडाळून डब्यात. आठ दिवस सहज जाते. आणि धुवायची ती वापरायच्या वेळी.

आणखी एक. थोडी मलूल झालेली जुडी दिसली तर घ्या. मुळं पाण्यात ठेवली की अर्ध्या तासात ताठ होते. तुम्ही ती घेतलीत तर गाडीवाल्याची वाचते, आणि तो दुसऱ्या दिवशी आमच्याकडून पुन्हा उचलतो.

मुक्ताफळ

मळेवालेदादा, आजवर एवढं स्पष्ट कुणी सांगितलं नव्हतं. आत्ता उठून दोरा सोडून आले.

तिरफळ

अवांतर: मुळं फेकू नका. धुऊन ठेचून रस्स्यात घाला, पानांपेक्षा जास्त वास देतात.

पाटी_पेन्सिल

कांदे-बटाटे एकत्र ठेवू नका हेही यातच लिहून ठेवते. बटाट्याला लवकर मोड येतात आणि कांदा त्याच्या ओलीने मऊ पडतो. पिकलेली केळी भाज्यांपासून लांब, त्यांच्यातून निघणाऱ्या वायूने शेजारचं सगळं झपाट्याने पिकतं.

निळाई

मूळ प्रश्न विकत घेताना मनात काय असतं हा होता. माझं सांगते. भरलेला फ्रिज बघितला की मला सुरक्षित वाटतं. लहानपणी घरात उद्याचं काय हे माहीत नसायचं. आता पगार चांगला आहे, तरी शुक्रवारी दोन्ही कप्पे भरल्याशिवाय झोप लागत नाही. त्यातलं काही टाकावं लागलं की आईची आठवण येते आणि स्वतःचा राग येतो. मागच्या महिन्यापासून एक केलं, भाजीचा कप्पा कमी भरते, पण डाळी, तांदूळ, कडधान्यांनी भरलेले डबे समोर दिसतील असे मांडले. नासणारं कमी, टिकणारं जास्त. मनाला तेवढंच लागत होतं, भरलेलं दिसायला.

रानवारा

निळाई, मिठी.

शुभदा_प

तीन आठवड्यांनी परत आले. काटा अजून तिथेच आहे. या २१ दिवसांत १ किलो ९०० ग्रॅम.

कच्च्या भाजीचं खूप कमी झालं. जायच्या आधी फ्रिजचा फोटो काढून नेते, एवढंच. कोथिंबिरीची एक जुडी शेजारच्या काकूंबरोबर निम्मी करते. मळेवालेदादांनी सांगितल्याप्रमाणे दोरा सोडायचं काम सासूबाईंनी स्वतःकडे घेतलंय. कागद पसरून बसतात आणि एकेक पिवळं पान काढतात. सोमवारची कोथिंबीर काल मंगळवारी, आठव्या दिवशी, संपली.

मुलाला मशरूमचं सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, आई, गणपतीला येतोय, तेव्हा आपण दोघं जाऊन आणू.

भात मात्र अजून उरतो. तांदूळ मोजायची पितळी वाटी सासूबाईंची, चौघांच्या मापाची, आणि त्यांचा हात त्याच वाटीला बसलेला. ती बदलायचं मला त्यांना सांगवत नाही. तिघांना, त्यात एक ७८ वर्षांच्या, तुम्ही किती तांदूळ घेता?

अण्णा_सातारकर

वाटी बदलू नका. त्यात खूण करा. आमच्याकडे आईच्या वाटीला आतून बारीक रेघ ओढली होती, माणसं कमी झाली तेव्हा. आईनेच ओढून घेतली. तिघांना रात्री पोळी असेल तर पाऊण वाटी पुरते.

मुक्ताफळ

आणि आमटी असेल तर एक वाटी. आमटीबरोबर भात नेहमी जास्त जातो.